चौदा घरांचं एक टोकन

लोक वेबसाइट जशी वापरतात तशी मी वापरत नाही. नावाच्या जागी आकडे लिहिते, वय उणे पाच टाकते, जे बटण एकदा दाबायचं ते सहा वेळा दाबते, मधेच नेट बंद करते. जे बिघडेल ते तक्त्यात लिहायचं. तक्त्याला तीन रकाने: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. या कामात कुणाशी फारसं बोलावं लागत नाही, म्हणून मी ते धरलं. मुलाखतीत कारण वेगळं सांगितलं होतं.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू झाली की टेबलं बारीक थरथरतात आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर पांढरा थर बसतो. आम्ही पाचजण. सर, म्हणजे मालक, सगळ्यांशी मोठ्यानं बोलतात. कोड लिहिणारा डेव्हलपर कुणाशीच बोलत नाही. त्याचं आणि माझं त्यामुळे बरं चालायचं. समोरासमोर बसून आम्ही एकमेकांना मेसेज करायचो.

त्या पावसाळ्याच्या आधी शिरोळकडच्या एका संस्थेचं काम आलं. नदीला पूर आला की ही संस्था उंचावरच्या माळावर जनावरांची छावणी लावते. तिकडे माणसं हलवायची तर आधी जनावरं हलवावी लागतात. म्हैस गोठ्यात आणि मालक बोटीत, असं कुणी करत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतील, पण दावं सोडून येणार नाहीत. आजवर कुणाची किती जनावरं न्यायची याची नोंद एका लांबड्या वहीत व्हायची. आता ती वेबसाइटवर करायची होती. पूर यायच्या आधी लोकांनी नोंद करायची, टोकन घ्यायचं, आणि पाणी चढायला लागलं की त्या यादीप्रमाणे ट्रक गावोगाव जाणार.

संस्थेतर्फे एक काका यायचे. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, म्हणून गावाकडे सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे. पहिल्या मीटिंगला ते ती वही घेऊनच आले.

"यात एकच म्हैस तीनदा हाय," ते म्हणाले. "म्हातारा सांगून गेला, मग पोरगा सांगून गेला, मग सून. ट्रक गेला, तर तिथं एक म्हैस उभी. बाकीचा ट्रक मोकळा. आणि फुडच्या गावात लोक आमच्या नावानं बोंबलतायत. एवढं तेवढं बंद करा बघा."

सर डेव्हलपरकडे बघायला लागले, डेव्हलपर लॅपटॉपकडे. मी त्या मीटिंगमध्ये एकच वाक्य बोलले. मोबाइल नंबर हीच घराची ओळख धरावी; त्याच नंबरवरून परत नोंद आली तर नवी नोंद होऊ नये, जुनी बदलावी.

काकांनी वही मिटली. "पोरगी हुशार हाय तुमची."

सर म्हणाले, "विषय संपला."

घरी येऊन मी हे कुणाला सांगितलं नाही, पण दोन दिवस काकांचं ते वाक्य मनात घोळवत होते. तपासणीच्या यादीत मोबाइल नंबरच्या नियमाचा क्रमांक एकतीस होता. मी स्वतः तो बारा वेळा तपासला. एकाच नंबरवरून दोनदा नोंद केली, यादीत एकच राहिली. हिरव्या गोलात बरोबरची खूण, खाली 'आपली नोंद झाली आहे'. पास.

वेबसाइट सुरू झाली आणि महिनाभर काही बिघडलं नाही. मग घाटात पाऊस लागला. धरणाचे दरवाजे उघडल्याचे मेसेज सगळ्यांच्या फोनवर फिरायला लागले. गुरुवारी सरांनी मला बोलावलं.

"उद्या डॉक्टरांबरोबर जाऊन ये. लोकांना वापरायला सोपं जातंय का, चार प्रश्न विचार, फोटो काढ. संस्थेच्या कमिटीला रिपोर्ट द्यायचा हाय."

"मी?"

"तू नव्हे तर काय गिरणीवाला जाणार?"

मी प्रश्न लिहून घेतले. पाच. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी घरच्यापुरतं बरं आहे, परक्या माणसासमोर ते पुस्तकी होतं, आणि एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास असले आकडे मला आजही मनात उलटे मोजावे लागतात. म्हणून प्रश्न पाठच केले.

शुक्रवारी सकाळी काका त्यांच्या जुन्या व्हॅनमधून मला घ्यायला आले. मागच्या सीटवर दोरखंडांची भेंडोळी होती, ओल्या काथ्याचा वास येत होता. वाटेत त्यांना फोन आला. फोन ठेवून म्हणाले, "वाडीला देवळात पाणी शिरलं. म्हंजे आपल्याकडं उद्या दुपारपतूर." नृसिंहवाडीला पाणी पादुकांवरून गेलं की कोणत्या गावचा रस्ता किती तासांनी जाणार, हे त्यांना पाठ होतं. उद्या सकाळी सातला ट्रक सुटणार होते. कोणत्या गावाला किती ट्रक, हे आज संध्याकाळी पाचला यादी बघून ठरणार होतं.

आम्ही गेलो ते गाव नदीला लागूनच होतं, आणि गावातली सगळ्यात खालची गल्ली म्हणजे विहाराची. गल्लीच्या तोंडाला बुद्धविहार, त्याला पायऱ्या, आणि गल्लीतल्या लोकांच्या म्हणण्याप्रमाणे मोबाइलची रेंज फक्त त्या पायऱ्यांवर यायची. तिथेच एक वहिनी बसल्या होत्या. तिशीच्या असतील. काका म्हणाले, "ह्यांनी गल्लीतल्या सगळ्या नोंदी केल्यात. ह्यांनाच इचार."

मी पहिला प्रश्न म्हटला. "संकेतस्थळावर नोंदणी करताना आपल्याला काही अडचण आली का?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "काय म्हणत्यात ह्या?"

"सोपं गेलं का म्हणत्यात, मोबाइलवर."

"लई सोपं. चौदा घरांचं भरलं की. एकेकाला हाक मारायची, नाव घालायचं, जनावरं घालायची, टिक यायचं, फुडचा." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "मेसेज बी आल्यात बघा चौदा."

प्रत्येक नोंदीनंतर एक मेसेज जायचा. घरमालकाचं नाव, जनावरं किती, टोकन क्रमांक. तो मजकूर मीच तपासलेला होता. मी बोटानं वर सरकवत गेले. नावं वेगळी, जनावरं वेगळी. टोकन क्रमांक २३७. खालच्या मेसेजला २३७. त्याच्या खालच्यालाही २३७.

"हा नंबर सगळ्यांना एकच आलाय," मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला.

"मग? गल्लीचा नंबर हाय त्यो," वहिनी म्हणाल्या. "आमची गल्ली एकदमच जाती. वहीत बी तसंच असायचं. गल्लीची एक खूण, खाली घरं."

मी माझ्या फोनवर आमची यादी उघडली. गाव निवडलं. २३७ क्रमांकावर एकच नाव होतं, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हातारीचं. जनावरं: शेळ्या दोन.

एकच नंबर, एकच घर. दर वेळी वहिनींनी पुढच्या घराची नोंद केली, तेव्हा आधीच्या घराची पुसली गेली होती. तेरा वेळा. आणि तेराही वेळा हिरवी खूण दाखवली होती. उद्या या गल्लीत दोन शेळ्यांपुरता छोटा टेम्पो येणार होता.

वहिनी म्हणाल्या, "एकोणचाळीस जनावरं हायत. दोन मोठं ट्रक तरी लागत्याल, व्हय न्हवं डाक्टर?"

"येतील की," काका म्हणाले. "यादीत असलं म्हंजे ट्रक आला."

मी मनात मोजलं. चाळीसला एक कमी. त्यानंतर मी उरलेले चार प्रश्न विचारले. सगळे, ओळीने. अक्षरांचा आकार वाचता येतो का. बटण सापडतं का. वहिनी उत्तरं देत होत्या आणि मी कागदावर बरोबरच्या खुणा करत होते. एका दारात एक रेडकू बांधलेलं होतं आणि त्याच्या मागच्या चरीत गढूळ पाणी भरून राहिलं होतं. मी फोटोही काढला. वहिनींनी पदर सारखा केला.

व्हॅनमध्ये बसल्यावर मी डेव्हलपरला मेसेज केला. एका मिनिटात उत्तर आलं. *वर्किंग ॲज डिझाइन्ड. एकतीस नंबर बघ, तुझीच केस आहे.* मग दुसरा. *जुना डेटा नाही मिळणार. बदलला म्हणजे गेला. कोणत्या नोंदी किती वेळा बदलल्या एवढं काढता येईल.* मी लिहिलं, काढ. पाच मिनिटांनी आकडा आला, आणि खाली ते नंबर. नऊ फोन नंबर असे होते, ज्यांच्यावरून अनेक घरांच्या नोंदी झाल्या होत्या. पुसली गेलेली घरं साठेक तरी असावीत, नऊ गावांत.

मग सरांचा फोन आला. डेव्हलपरनं त्यांना सांगितलं होतं.

"ऐक," ते हळू बोलत होते. सर हळू बोलतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. "डॉक्टरांना आत्ता काय बोलू नकोस. घाबरून जातील. आपण आज दुरुस्ती टाकतो, उद्यापासनं नीट होईल."

"पण पुसलेली परत नाही येणार, सर."

"ते बघू की आपण. तू फक्त ये हिकडं."

मी "हो" म्हटलं. काका शेजारीच होते, गाडी चालवत. "काय म्हणतायत सायेब?"

"काही नाही."

पुढचं गाव आलं आणि गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या बुडाशी पाणी चमकत होतं. ते पावसाचं की नदीचं, मला कळत नव्हतं. सव्वाबारा झाले होते. माझ्या मांडीवर तो प्रश्नांचा कागद होता. पाचच्या पाच खुणा. मी वाक्य जुळवत होते. शाळेत वर्गात उत्तर येत असूनही हात वर करण्याआधी मी असंच आख्खं वाक्य मनात तयार करायचे, आणि ते तयार होईपर्यंत बाई पुढच्या मुलीकडे गेलेल्या असायच्या. आम्ही असेच पुढे गेलो तर तासाभरात कोल्हापूर येणार होतं. मग सर बोलणार होते, आणि त्यांचं सगळं बरोबर वाटणार होतं. सर वाईट नाहीत. ते घाबरले होते, एवढंच. मीही घाबरले होते.

"काका, गाडी थांबवा."

"उलटी येतीया व्हय?"

"नाही. थांबवा."

त्यांनी एका दूध डेअरीसमोर गाडी घेतली. जुळवलेलं वाक्य आलंच नाही. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "त्या गल्लीची यादीत फक्त दोन शेळ्या आहेत. बाकीचं पुसलं गेलंय. अजून आठ ठिकाणी तसंच झालंय."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला, यादी बघितली.

"कुणी पुसलं?"

"वेबसाइटनं. मोबाइल नंबरवरून घर ओळखायचं, हे मी सुचवलं होतं. मीटिंगमध्ये."

"हुशार म्हटलं हुतं मी तुला तवा."

"हो."

मला वाटलं आता आवाज चढेल. तसं झालं नाही, आणि ते जास्त अवघड गेलं.

"माझं बी चुकलंच," ते म्हणाले. "वही मी तुमच्यापुढं टाकली, पण गल्लीची खूण म्हंजे काय हे कुठं सांगितलं? मला वाटलं ते काय सांगायचं असतंय व्हय." त्यांनी गाडी मागे वळवली. "आता परत फिरायचं. त्या बाईला तूच सांगायचं पण. मी न्हाय सांगणार."

वहिनी अजून पायऱ्यांवरच होत्या. परत आलेली गाडी बघून उठल्या.

"काय, फोटो चांगला न्हाय आला?"

मी सांगितलं. या वेळी पाठ केलेलं काही नव्हतं. एका नंबरला एकच घर, पुढचं भरलं की मागचं जातं. त्या ऐकत होत्या. मागे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.

"म्हंजे आमचं पुसलं," वहिनी म्हणाल्या, "तवा बी त्यानं हिरवं टिकच दावलं?"

"हो."

"तेरा येळा?"

"हो."

"लई हसरी हाय की तुमची वेबसाइट."

मागच्या बायकांतली एक हसली आणि लगेच गप्प झाली. वहिनींनी तिच्याकडे वळून सांगितलं, "हसतीस काय, तुझ्या दोन म्हशी बी गेल्यात त्यात. आणि माझ्या तर सगळ्यांच्या आधी. मी पयलं माझंच भरलं हुतं." मग माझ्याकडे बघून, "आता काय करायचं ते सांगा. तोंड पाडून उभं राहू नगा. पाणी थांबतंय व्हय तुमच्यासाठी?"

वेबसाइट या नंबरवर आत्ता एकाहून जास्त घरं ठेवणारच नव्हती. पण वहिनींच्या फोनमध्ये ते चौदा मेसेज होते. आमच्याकडे जे उरलं नव्हतं ते त्यांच्याकडे होतं. मी त्यांना ते वाचायला सांगितलं आणि प्रश्नांच्या कागदाच्या मागे लिहायला लागले. दोन नावांनंतर त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं.

"असं लिव्हलं तर उद्या सकाळ हुईल. तुम्ही वाचा, मी लिव्हते."

मग मी वाचलं, त्यांनी लिहिलं. मेसेज वाचायच्या आधीच बहुतेक वेळा त्या जनावरांचा आकडा सांगायच्या, आणि तो बरोबर असायचा. एका घरापाशी मात्र थांबल्या. "ह्यांची गाय परवा व्याली. एक वाढवा." चाळीस झाली. तो आकडा मला लगेच कळला.

काकांनी त्या कागदाचा फोटो ट्रकवाल्यांना पाठवला. एक वाजला होता. आता उरलेले आठ नंबर.

अनोळखी माणसाला फोन करणं मला जमत नाही. गॅसवाल्याला फोनसुद्धा आई करते. पायरीवर बसून मी पहिला नंबर लावला. "नमस्कार, मी जनावरांच्या नोंदणी संकेतस्थळाकडून बोलतेय. आपण केलेल्या नोंदणीबाबत—"

"लोन नको आम्हाला," पलीकडून आवाज आला, आणि फोन बंद.

दुसऱ्यांदा लावला. "सांगितलं न्हवं नको म्हणून?"

वहिनींनी फोन माझ्या कानाजवळून ओढून घेतला. "ओ पावणं, ठिवू नगा. लोन न्हाय, काय न्हाय. जनावरांचं टोकन भरलाय न्हवं तुम्ही? किती घरांचं? आं, सहा. आणि नंबर किती आलाय सगळ्यांना? एकच? मग तुमचं सहातलं एकच घर हाय यादीत. व्हय. पाच गेली. मेसेज पुसू नगा, हितं ह्या म्याडमला धाडा सगळं. आत्ता धाडा, जेवण मागनं करा."

दीड मिनिट लागलं. मी तीन दिवस विचार केला असता तरी मला ते असं सांगता आलं नसतं. दुसरा आणि तिसरा फोनही त्यांनीच केला. चौथ्याच्या वेळी त्यांच्या गोठ्याकडून कुणीतरी हाक मारली, दावी बदलायची होती. त्या उठल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "नमस्कार म्हणू नगा. नमस्कार म्हटलं की लोक बँकच समजत्यात. घरं किती, तिथनं सुरू करा."

मी तिथनं सुरू केलं. "घरं किती भरलीत तुम्ही?" माझं मराठी तेच होतं, पण आवाज मोठा निघाला, पायऱ्यांवर रेंज असली तरी वारा होता. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. एकानं मेसेज पुसून टाकले होते. तो गल्लीत घरोघर फिरत मोठ्यानं विचारत गेला आणि मी फोन कानाला लावून लिहीत गेले. मागे कुत्री भुंकत होती.

आठवा फोन बंद होता. दहा वेळा लावला, बंद. ते गाव नदीच्या पलीकडे. काकांनी आम्ही मघाशी थांबलो होतो त्या डेअरीत फोन केला. दुपारी दूध गोळा करायला टेम्पो त्या गावाला जाणार होता. त्याच्या ड्रायव्हरकडे निरोप दिला: गल्लीत ज्याच्या मोबाइलवरून नोंदी झाल्यात त्याला सांग, सगळ्यांची नावं चिठ्ठीवर लिहून दुधाच्या गाडीतनंच पाठवा.

चिठ्ठी आली नाही. पाच वाजता ट्रक वाटून झाले, तेव्हा आठ ठिकाणची घरं यादीत होती आणि त्या एका गावापुढे एकच नाव. काकांनी त्यापुढे पेन्सिलीनं 'मोठा ट्रक' लिहिलं. "पंधराचं सोळा ट्रक हुईनात का. एखादा मोकळा गेला तर गेला," ते म्हणाले. पहिल्या मीटिंगला ते नेमकं याच्याच विरुद्ध बोलले होते.

सरांना मी परतीच्या वाटेवर फोन केला. "मी डॉक्टरांना सांगितलं." पलीकडे गिरणीचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "उद्या किती वाजता जायचंय छावणीवर?"

शनिवारी सहाला मी माळावर होते. छावणीचं टेबल पत्र्याच्या शेडखाली होतं. संस्थेच्या माणसांनी टोकनांप्रमाणे लोखंडी खुंट्या रोवल्या होत्या, प्रत्येकीला रंगानं नंबर. कालची नवी घरं जिथे जागा होती तिथे बसवली होती. वहिनींच्या गल्लीची चौदा घरं आता चौदा वेगवेगळ्या नंबरांवर, माळभर पसरलेली. निदान यादीत प्रत्येकाला त्याची ओळ होती.

ट्रक यायला लागले. मी नंबर वाचायचे, कुणीतरी जनावर घेऊन जायचं. सर नऊच्या सुमाराला आले, पांढरे बूट घालून. एका म्हातारबांच्या हातातलं कालवडीचं दावं त्यांनी घेतलं, आणि ती त्यांना ओढेल तिकडे जात राहिले. मला उद्देशून त्यांनी एकच विचारलं, "पाण्याची बाटली आणलीयस?"

पेन्सिलीनं लिहिलेल्या त्या गावचा ट्रक साडेनऊला मोकळा परत आला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "एक बी जनावर न्हाय तिथं. जनावरं काल दुपारीच चालत नेली त्यांनी पाहुण्यांच्या गावाला. त्यो फोनवाला म्हणालता म्हणं, वेबसाइटचा काय भरवसा." काकांनी मान हलवली आणि यादीवरचं ते नाव खोडलं. "शाणी माणसं," ते म्हणाले.

दहा झाले, सव्वादहा झाले, आणि वहिनींच्या गल्लीचा एकच ट्रक आलेला. ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्याला पाणी लागल्याचा फोन आला. नदी काकांच्या हिशेबाच्या पुढे निघाली होती. दुसऱ्या ट्रकला लावलेला फोन कुणी उचलत नव्हतं. पहिल्या ट्रकमधून आलेल्या म्हातारीच्या हातात दोन शेळ्या होत्या. ती म्हणाली, "ती बया सगळ्यांच्या मागं राह्यलीय. आधी भरलं म्हणून पुसलं, आता शेवटाला जाते म्हणती."

मी टेबल सोडलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. तिथे उभं राहून काही होणार नव्हतं. काल पाच प्रश्न विचारण्यात आणि नंतर व्हॅनमध्ये गप्प बसण्यात पाऊण तास गेला होता. पाऊण तास आधी यादी गेली असती तर तो ट्रक सकाळी आधी सुटला असता की नसता, हे मला माहीत नाही. पण तिथे उभी असताना तो पाऊण तास मी परत परत मोजत होते.

अकराला पाच कमी असताना ट्रक वळणावर दिसला. चाकं आणि अर्धा दरवाजा गाळानं माखलेला. फळी उघडली, म्हशी उतरल्या, एकेक, पाय चाचपत. सगळ्यात शेवटी वहिनी उतरल्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलात, मागे त्यांची म्हैस. मला बघून त्या थांबल्या.

"आता लावा तुमचं टिक," त्या म्हणाल्या.

मी यादीवर खूण केली. पेनानं. मग त्यांचा खुंटीचा नंबर सांगितला, तीनशे अकरा, शेडच्या त्या टोकाला.

"आणि ह्यांचा?" त्यांनी शेजारणीकडे बोट केलं.

"एकशे चार. तो पलीकडे."

वहिनींनी माळावर नजर फिरवली. मग शेजारणीशी काहीतरी बोलल्या. शेजारीण पुढच्या घरवाल्याशी बोलली. मी टेबलाशी परत येऊन पुढच्या ट्रकचे नंबर वाचायला घेतले तोवर त्या गल्लीनं दावी सोडायला सुरुवात केली होती. तीनशे अकरावरची म्हैस एकशे चारजवळ गेली, एकशे चारवरच्या दोन आणखी कुठे. संस्थेचा एक माणूस "ओ, नंबर बघा की" म्हणत मागे धावला. त्याला कुणीतरी वैरणीचा भारा उचलायला लावला. अर्ध्या तासात चौदा घरांची चाळीस जनावरं विहाराच्या गल्लीत असतील त्याच क्रमानं एका ओळीत बांधून झाली. शेवटी म्हातारीच्या दोन शेळ्या.

माझ्या हातातली यादी पुन्हा चुकीची झाली होती. मी प्रश्नांचा कागद काढला. एका बाजूला चौदा नावं, दोन माझ्या अक्षरात, बाकी वहिनींच्या; दुसऱ्या बाजूला कालच्या पाच खुणा. त्या खुणा खोडून खाली उरलेल्या जागेत मी तीन रकाने आखले आणि पहिल्यात लिहिलं: गल्लीतल्या घरांना वेगवेगळे नंबर दिले.

'काय व्हायला हवं होतं' हा दुसरा रकाना भरायच्या आधी मी उठले आणि काय लिहायचं ते विचारायला वहिनींच्या ओळीकडे गेले.